मिठागरातले अळणी दिवस

"उद्यापासून मीठ बंद," डॉक्टर म्हणाले, आणि कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "धंदा काय करता?"

"मीठ पिकवतो," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. चष्म्यावरून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे. "मिठागर हाय आमचं," चांगुणा म्हणाली, "उरनला, खाडीला लागून." डॉक्टर मोठे कडक गृहस्थ. सगळा वॉर्ड त्यांना टरकून असे. पण त्या दिवशी ते खुर्चीत मागे रेलून मनसोक्त हसले. मला असा संताप आला की आजार विसरून मी ताडकन उभा राहिलो. उभा राहिलो तो धाप लागून लगेच खाली बसलो.

ही गोष्ट एकोणीसशे चौतीस सालच्या दिवाळीनंतरची, मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातली. तेव्हा मला शेहेचाळिसावं चालू होतं. आज चार वर्षांनी मी हिंडतो, फिरतो, बायकोशी भांडतो. खाडीपलीकडच्या गावांतून लोक येतात आणि विचारतात, "बाळाराम, पाय सुजलेला तू, चालायला कसा लागलास?" दर वेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मराठी सातवी शिकलो आणि आगरात उतरलो. माझ्या अंगावर आलं तेवढंच सांगणार.

सुरुवात गणपतीच्या सुमारास झाली होती. संध्याकाळी वहाणा काढल्या की पट्ट्याची खोल खूण पायावर राहायची. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. मला त्याची गंमत वाटे. मी तो खळगा लोकांना दाखवत असे. मग बांध चढताना श्वास पुरेना. मानेच्या मागे ठणका लागला. एकदा दाढी करताना नाकातून रक्त आलं. आम्ही आधी उन्हाला दोष दिला, मग पित्ताला, मग शेजारच्या आगरवाल्याच्या नजरेला. चांगुणानं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका माझ्याशिवाय सगळ्या घराला लागला, म्हणून नजरेवर शिक्कामोर्तब झालं.

खरं कारण माझ्या ताटात आणि माझ्या बुडाखाली होतं. तरुणपणी मी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. दिवसभर चिखलात, उन्हात. घामानं सदऱ्यावर पांढरे नकाशे उठत. तेव्हाचं जेवणही तसंच: तांदळाच्या चार भाकऱ्या, सुक्या वाकटीचं कालवण, भाजलेला सुका बोंबील, वर आंब्याचं लोणचं. पुढे आगर स्वतःचं झालं. मी छत्री घेऊन बांधावर बसायला लागलो. घरापासून आगरापर्यंतची वाटसुद्धा बैलांच्या धमणीतून, म्हणजे छोट्या गाडीतून, जायला लागलो. संध्याकाळी प्यायला माडी आली. पाट्या वाहणं सुटलं, पण भाकऱ्या चारच राहिल्या. काम मालकाचं आणि भूक हमालाची, असा माझा संसार आठ वर्षं चालला होता.

आता इस्पितळातल्या तपासण्यांविषयी, कारण लोक त्यांनाच जास्त घाबरतात. दंडाला एक कापडी पट्टा बांधतात. रबरी फुगा दाबून त्यात हवा भरतात. दंड आवळतो, दुखत नाही. समोर काचेच्या नळीत पारा चढतो. डॉक्टर कोपराच्या आतल्या बाजूला नळी लावून ऐकतात आणि पारा हळूहळू उतरू देतात. याला ब्लड प्रेशर पाहणं म्हणतात, म्हणजे रक्त नळ्यांतून किती जोरानं ढकललं जातंय ते मोजणं. माझा पारा दोनशेच्या वर गेला होता. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या दंडावर मोजलं. मला वाटलं आपला काहीतरी मोठा नंबर आला.

दुसरी तपासणी लघवीची. परीक्षानळीत ती उकळवतात आणि गढूळ होते का बघतात. गढूळ झाली तर अल्ब्युमिन जातंय म्हणायचं. अल्ब्युमिन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यासारखा शरीरातला एक पोषक भाग, तो मूत्रपिंडातून गळतो. माझी किंचित गढूळ झाली. "मूत्रपिंडं दमलीत, पण रुसली नाहीत," डॉक्टर म्हणाले. "हृदय मात्र रुसायच्या बेतात आहे."

पायांच्या सुजेला ते एडिमा म्हणाले, म्हणजे अंगात साचलेलं पाणी. मीठ पाण्याला धरून ठेवतं, म्हणून मीठ बंद. हे मला कुणी शिकवायला नको होतं. पावसाळ्यात मिठाची गोणी कोपऱ्यात ठेवली की तिच्याखाली पाणी साचतं, हे आमच्याकडे दुधखुळ्या पोरालाही ठाऊक. फक्त मीच एक गोणी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तीन आठवडे मी वॉर्डात होतो. चांगुणा तिच्या भावाकडे माझगावला राहत होती आणि रोज दुपारी येत होती. डिजिटॅलिस नावाच्या औषधाचे थेंब मिळायचे. ते हृदयाचा ठोका सावकाश आणि जोरकस करतात. ते मोजून घ्यायचे असतात, आपल्या मनानं वाढवायचे नसतात. खायला दूध, मऊ भात, उकडलेला दुधी. सगळं अळणी. पहिल्या दिवशी दुधीचा घास तोंडात घेतला आणि मला माझ्या आईची आठवण येऊन रडू आलं. चांगुणाला वाटलं आजार वाढला. ती परिचारिकेला बोलवायला धावली.

पण सूज उतरली. दुसऱ्या आठवड्यात माझे घोटे मला पुन्हा भेटले. मग डॉक्टरांनी चालायला लावलं. पहिल्या दिवशी खिडकीपर्यंत, नंतर जिन्यापर्यंत, मग सगळ्या व्हरांड्याची एक फेरी. त्यांनी सांगितलेला नियम मी आजही पाळतो आणि सगळ्यांना सांगतो. "चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबा. श्वास जुळला की पुन्हा चाला." मी बडबड्या माणूस. असा व्यायाम मला मानवला.

निघताना त्यांनी चांगुणाला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. मीठ नाही. सुकी मासळी, पापड, लोणचं नाही. माडी नाही. भाकरी एक, फार तर दीड. ताजी मासळी चालेल, भाज्या, फळं चालतील. रोज चालायचं. तिनं प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हटलं. मी एकालाही म्हटलं नाही.

उरणजवळच्या मोऱ्याच्या बंदरात लाँचमधून उतरलो तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. धमणी घ्यायला आली होती. चांगुणानं माझी वळकटी धमणीत टाकली, बैल पुढे हाकायला सांगितलं आणि मला म्हणाली, "चला, बोलत बोलत जाव." त्यानंतर मी त्या धमणीत बसलो नाही. पुढे ती माझ्या मेव्हण्याला दिली.

घरी भेटायला माणसं आली. आजाऱ्याला भेटायला आमच्याकडे कुणी रिकाम्या हातानं येत नाही. एक जण बोंबलांची जुडी घेऊन आला, एक सुकट, एक चांगली हातभर वाकटी. पाच दिवसांत माझ्या घरात एवढी सुकी मासळी जमली की बाजार मांडता आला असता. चांगुणानं सगळ्यांचे आभार मानले आणि सगळी मासळी आगरातल्या मजुरांत वाटून टाकली. मी खाटेवर पडून वास घेत राहिलो. वासावर डॉक्टरांनी बंदी घातली नव्हती.

अळणी जेवणाचे पहिले पंधरा दिवस फार वाईट. आधीच सांगून ठेवतो म्हणजे धीर सुटणार नाही. भात कापसासारखा लागतो. मासळी कुणीतरी आधी चावून ठेवल्यासारखी लागते. माणूस चिडका होतो. मी एकदा वाटी भिरकावली. चांगुणानं ती उचलली, धुतली आणि त्याच वाटीत तेच कालवण पुन्हा वाढलं.

पण तिनं हार मानली नाही. आमसूल, चिंच, कैरी, लिंबू यांतलं काही ना काही रोज असे. लसूण भाजून घाली. माशाला तिरफळ आणि आलं. अलिबागचा पांढरा कांदा नुसता चिरून शेजारी ठेवी. महिनाभरानं एके दुपारी मी बोइटाचं कालवण जेवत होतो आणि थांबलो. माशाला चव होती. त्याची स्वतःची, खाडीची. भातही गोड लागत होता. इतकी वर्षं मी मासा खातच नव्हतो, नुसतं मीठ खात होतो, असं मला वाटलं. मी तसं बोललोही. चांगुणा म्हणाली, "मंग वाटी फेकू नुको."

इथपर्यंत सगळं छान झालं. मग मिठाचा हंगाम सुरू झाला आणि मी आगरात जायला लागलो.

रोज सकाळी चालत जायचो. दिवसभर बांधांवरून फिरायचो. डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुप्पट चाल होत होती. जेवण घरचं, अळणी, केळीच्या पानात बांधलेलं. माडीच्या दुकानाची वाटसुद्धा सोडली होती. तरी शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी वहाणा काढल्या आणि पट्ट्याची खूण दिसली. बोट दाबलं. खळगा पडला. या वेळी मी तो कुणाला दाखवला नाही. पण चांगुणानं पाहिला.

मुंबईला गेलो. पारा पुन्हा वर. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बाळाराम, तुमचं हृदय आणखी एक अशी सूज सोसेल असं मला वाटत नाही. हे असंच चाललं तर पुढचा हंगाम तुम्ही बघाल याची मी हमी देत नाही." मग ते चांगुणाकडे वळले. "घरात मीठ कोण घालतं? दया म्हणून एक चिमूट घातलीत, तरी ती दया नव्हे."

"मी न्हाय घातलं," ती म्हणाली.

आणि मी, ज्याला तिचा स्वभाव पंचवीस वर्षं माहीत, तो मी बाहेर व्हरांड्यात तिला म्हणालो, "खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून घालत होतीस ना?" हे लिहिताना आजही मला लाज वाटते. माणूस घाबरला की आधी घरच्याच माणसावर धावून जातो. ती लाँच मोऱ्याला लागेपर्यंत पाण्याकडे बघत बसली. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तर तीही निघाली. "आज मी येतंय," म्हणाली. आगरात ती माझ्या मागे मागे फिरली. मला वाटलं, माडीच्या दुकानावर पाळत आहे. मी मुद्दाम दोनदा त्या दिशेला वळलो आणि परत फिरलो, तिला चिडवायला. ती हसली नाही.

रात्रीच्या जेवणाला मी पाटावर बसलो. तिनं ताट ठेवलं. ताटात भात नव्हता. हातरुमालाएवढ्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. तिनं गाठ सोडली. आत मीठ होतं, चांगलं मूठभर.

"हे काय?"

"तुमचं आजचं जेवान," ती म्हणाली. "जवा जवा तुमी तोंडात टाकलांव, तवा तवा मी तेवरंच यात टाकलं."

मी आ वासून बघत राहिलो. आता बाहेरच्यांसाठी सांगतो. वाफ्यात मीठ धरलं की वर जे पाणी उरतं ते कडू होत जातं. ते वेळेवर सोडून द्यावं लागतं. उशीर झाला तर कडूपणा मिठात बसतो आणि व्यापारी माल उचलत नाही. पाणी कधी सोडायचं ते जिभेवर कळतं. त्या खाडीवर माझ्या जिभेचं नाव होतं. बांधावरून चालताना प्रत्येक वाफ्यात बोट बुडवायचं आणि चाटायचं, प्रत्येक राशीतला खडा तोंडात टाकायचा. हात आपोआप जातो, जसा एखाद्याचा मिशीवर जातो. आणि आमची रीत अशी की तोंडात घेतलेलं मीठ थुंकायचं नाही. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यावर थुंकायचं कसं? माझे वडील गिळायचे, आजा गिळायचा, मीही गिळत होतो. दिवसाला शंभरदा.

"पण हे चाखणं," मी म्हणालो. "खाणं नव्हे."

"मंग ते जातं कुटं? दुसऱ्याच्या पोटात?"

मी तिला म्हणालो, "चुकलो." ती म्हणाली, "व्हय, चुकलाव," आणि भात वाढला.

ती पुरचुंडी आम्ही डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती औषधाच्या तराजूत टाकली आणि बघतच राहिले. "एवढं मीठ माझ्या अख्ख्या घराला दोन दिवस पुरेल," म्हणाले. मग उभे राहून त्यांनी चांगुणाला नमस्कार केला. "बाई, माफ करा. मी यांना काय खाता ते विचारलं, काय चाखता ते विचारायचं मला सुचलं नाही." एवढा मोठा माणूस, भरल्या वॉर्डात! चांगुणा लाजून माझ्यामागे उभी राहिली. मला इतका अभिमान वाटला की काही विचारू नका.

म्हणून वाचणाऱ्यांना सांगतो: डॉक्टर विचारतील तेवढंच सांगू नका. तुमच्या धंद्यात हात कुठे कुठे जातो, तोंडात काय काय जातं, तेही सांगा. हलवायानं सांगावं, भटारखान्यातल्या माणसानं सांगावं, माडी काढणाऱ्यानं तर नक्कीच सांगावं.

उपाय सोपा होता: थुंका. मला तो जमला नाही. तीस वर्षांची सवय, खडा जिभेवर पडला की घशात उतरे. दोन दिवस मी प्रयत्न केला आणि दोन्ही दिवस गिळलं. चाखणं सोडलं तर आगर बुडणार, न सोडलं तर मी बुडणार. तिसऱ्या दिवशी चांगुणा वाफ्याच्या कडेला वाकली, बोट बुडवून चाटलं आणि बाजूला थुंकली. आसपासचे मजूर जागच्या जागी थांबले.

"देवाला राग आला तर माज्यावं येऊ दे," ती म्हणाली. "मना नवरा पायजेल."

मग शिकवणी सुरू झाली. मी पाण्याचा रंग बघून अंदाज सांगायचो, ती चाखून सांगायची. पहिल्या आठवड्यात मी गुरू होतो. दुसऱ्या आठवड्यात आमची वादावादी होऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेकडच्या वाफ्यांचं पाणी सोडायचं की ठेवायचं यावर कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं ठेवायचं. ठेवलं.

चैत्रात व्यापारी शेठचा मालवाहू पडाव खाडीत आला. शेठ कच्छकडचे, वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. त्यांची पद्धत ठरलेली. मी राशीतला खडा चाखायचा, "चोख" म्हणायचं, मग ते माल उचलायचे.

"चाखो बाळारामभाई," ते म्हणाले.

"शेठ, आता ही चाखते," मी म्हणालो.

शेठनी चांगुणाकडे पाहिलं आणि छत्री मिटली. "बाईमाणूस? ना, ना. तुमी चाखो तर माल घेते, नाहीतर दुसरा आगर हाय." आणि खरोखर बांधावरून चालायला लागले. सगळे मजूर माझ्याकडे बघत होते. वर्षाची मेहनत राशी करून समोर उभी होती. एकच खडा. एका खड्यानं काय होणार? माझा हात राशीकडे गेला सुद्धा. चांगुणानं मला अडवलं नाही. नुसती बघत होती, लाँचमध्ये पाण्याकडे बघत होती तशी. मी हात मागे घेतला आणि काखेत दाबून धरला.

"शेठ," मी ओरडलो, "जायचं तर जा. मी चाखणार नाही. मला जगायचंय."

शेठ थांबले. परत आले. माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "बीमार हाय?" मी मान हलवली. त्यांनी छत्रीनं तीन राशी दाखवल्या. "चाख बेन."

पहिल्या राशीला ती "चोख" म्हणाली. दुसरीलाही. तिसरी पश्चिमेच्या वाफ्यांची. तिनं खडा तोंडात ठेवला, थुंकली आणि म्हणाली, "ही उचलू नका शेठ. कडू हाय." मी मनात कपाळावर हात मारला. आमचीच रास, आणि भर व्यापाऱ्यासमोर! शेठनी स्वतः खडा घेतला, तोंड वाकडं केलं आणि मोठ्यांदा हसायला लागले. "आपला माल कडू सांगते, तिचा भरोसा," म्हणाले, आणि बाकीच्या सगळ्या राशी न चाखता उचलल्या. तेव्हापासून ते आगरात आले की आधी "बेन कुठे?" विचारतात. मला रामराम नंतर.

पावसाळ्याआधी एकदा पारा मोजून घेतला. दोनशेच्या बराच खाली आला होता. अगदी शहाण्या माणसासारखा नाही, पण डॉक्टर खूश झाले. लघवी स्वच्छ. माझं पोट कमी झालं होतं, धोतराचा सोगा लांबायला लागला होता. "आता पाऊस बघा, पुढचा हंगामही बघा," ते म्हणाले. औषधाचे थेंब कमी केले. चालणं आणि अळणी खाणं जन्मभराचं. मी या वेळी "व्हय" म्हटलं.

त्याच वैशाखात खाडीपलीकडच्या न्हावा गावी चांगुणाच्या भाचीचं लग्न होतं. भरती साधून होडी सुटणार होती, म्हणून आम्हा दोघांना घाईनं पहिल्याच पंगतीत बसवलं. एरवी आमच्याकडे बायका मागून जेवतात. माझ्या पानात नुसता भात, दही आणि गूळ. तिच्या पानात वालाचं बिरडं आणि डाळ. तिनं पहिला घास घेतला आणि तिचं तोंड असं झालं की मी घाबरलो. तिनं तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायलं.

"काय गो?" तिच्या वहिनीनं विचारलं.

"लय खारट हाय."

वहिनीनं बोटानं डाळ चाखली, वाढायला आलेल्या बाईनं चाखली. डाळ ठीक होती. "आगरात मीठ चाखनारी ही, आन् डाल खारट लागतेय हिला!" सगळी पंगत हसली. मी हसत होतो, आणि हसता हसता थांबलो.

होडीत बसल्यावर विचारलं, "कधीपासून अळणी खातेस?"

"तुमी दवाखान्यातून आलाव तवापासून." ती ओले पाय पुसत होती. "येगला टोप कोन चढवील? आन् आपन चवीचं खायाचं, तुमाना तसलं वाढायाचं... घास उतरंना."

"म्हणजे मी तुला व्हरांड्यात बोललो..."

"तवा पन," ती म्हणाली.

होडीतून उतरून घरापर्यंत चालताना मला बोलता आलं नाही. डॉक्टरांचा नियम पाळायचा तर मी तिथेच थांबायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः स्वयंपाकघरात दोन पाट मांडले आणि माझ्या पाटावर बसून राहिलो. तिनं वाढलं. मी हात लावला नाही. "मासा निवतंय," ती म्हणाली. मी दुसऱ्या पाटाकडे बोट दाखवलं. "लोकं काय बोलतीन?" म्हणाली. मी म्हटलं, बोलू देत, त्यांना पारा मोजायला मुंबईला पाठवू. ती अजून उभीच. चूल, दार, खिडकी, सगळीकडे बघून झालं. मग पदर खोचून बसली आणि स्वतःला वाढून घेतलं, माझ्यापेक्षा थोडं जास्तच.